लक्षद्वीपचं ‘मालदीव’ करायला निघालेल्यांना

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले, तेव्हापासून एक मेसेज फिरतोय: ‘छत्तीसपैकी सव्वीस बेटं ओसाड पडलीत. हॉटेलं बांधा, लोकांना रोजगार द्या, मालदीवची जिरवा. प्रवाळ पांढरं पडलं तरी पुन्हा रंगात येतं.’ सोसायटीच्या ग्रुपवर तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा म्हटलं, उत्तर देऊनच टाकू.

आधी ती ‘ओसाड’ बेटं. सगळ्या बेटांची मिळून जमीन ३२ चौ. किमी. बोरिवलीचं नॅशनल पार्क याच्या तिपटीहून मोठं आहे. २०११ च्या जनगणनेत एवढ्याशा जागेत ६४ हजार माणसं होती. ‘ओसाड’ यादीतलं पिट्टी म्हणजे वाळूचा तुकडा. तिथे सुरय पक्षी अंडी घालतात, म्हणून ते अभयारण्य. बंगारम बेटाजवळचं परळी-१ (बीडची परळी नव्हे) १९६८ साली आठेक एकरांचं होतं. २०१७ पर्यंत ते समुद्राने गिळलं. बांधा तिथे हॉटेल.

पाण्याचं काय? नदी नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत राहतं. उपसा वाढला की खारं वर येतं. कोकणात किनाऱ्यालगत ज्यांची विहीर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मालदीवने यंत्रांनी समुद्राचं पाणी गोडं केलं, खरंय. कचऱ्यासाठी थिलाफुशी नावाचं आख्खं बेटही भराव घालून बनवलं. तो फोटो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता प्रवाळ. ‘पुन्हा रंगात येतं’ हे अर्धं खरं आहे. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला रंगही देतं आणि जेवणही. पाणी तापलं की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं. उष्मा लवकर ओसरला तर परततं, नाहीतर प्रवाळ उपासमारीने मरतं. लक्षद्वीपला असे फटके १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये बसले. एका अभ्यासानुसार १९९८ ते २०२२ या काळात तिथलं जिवंत प्रवाळ सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. सहाएक वर्षं उसंत मिळाली तर कुठे भरून यायला वेग येतो, असं याच अभ्यासात दिसलं. २०१० नंतर नेमकी सहाच वर्षं मिळाली. आणि हे प्रवाळ शोभेचं नाही. बेटावरची वाळू त्याच्याच चुऱ्याची आणि पावसाळी लाट फुटते तीही त्याच्यावरच.

राहिला रोजगार. तो आहे, ट्यूना माशाचा, म्हणजे आपल्या कुप्याचा. तिथे कुपा जाळ्याने नाही, काठी-गळाने एकेक ओढतात. त्याआधी लगूनमधले (बेट आणि प्रवाळाचा बांध यांच्यामधल्या उथळ पाण्यातले) बारीक मासे जिवंत धरून होडीतल्या पाण्यात ठेवतात आणि भर समुद्रात मूठमूठ फेकतात, तेव्हा कुप्याचा थवा होडीला भिडतो. हे आमिष प्रवाळाच्या आडोशाने वाढतं. मालदीवसारख्या पाण्यावरच्या हॉटेल-व्हिलांचे खांब ठोकायचे आहेत, ते याच लगूनमध्ये.