सेहेचाळीस घरांचे पैसे

इंदूरच्या आमच्या गल्लीतल्या गणपतीचा खजिनदार मी. घरं 47, प्रत्येकाची वर्गणी फाईलीत नोंदलेली, आणि मी हौसेनं लिहिलेल्या वीस ओळींच्या पायथन स्क्रिप्टनं, म्हणजे छोट्या संगणकी प्रोग्रामनं, एकूण जमा सांगितली 501 रुपये. बैठकीत सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नव्या मोबाईलकडे.

रात्री पुण्याला लेकीला फोन लावला. "बाबा, पीडीबी लावा, पायथनमधल्या चुका शोधायचं साधन. एकेक ओळ थांबत थांबत चालते. एन म्हणजे पुढची ओळ, एस म्हणजे आत शिरा, पी म्हणजे किंमत दाखव." एवढं सांगून ती झोपली.

स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर थांबली. ओळ साधी, फाईल वाचणारं सीएसव्ही नावाचं तयार साधन इम्पोर्ट करण्याची, म्हणजे आत घेण्याची. मी उत्साहात एस दाबलं आणि थेट पायथनच्या पोटात. स्क्रीनवर फ्रोझन इम्पोर्टलिब वगैरे. घाबरून नुसतं एंटर दाबलं, तर आणखी खोल! रिकामं एंटर म्हणजे मागचाच हुकूम पुन्हा, हे मला कोण सांगणार? सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला निघालेला माणूस बर्तन बाजारात पातेल्यांपुढे उभा राहावा, तशी गत. बाहेर यायला आर दाबतात, हे हेल्पमधून कळलं. आर, आर करत बाहेर आलो.

मग एन, एन, एन. बेरजेचं फंक्शन एका घासात गिळून त्यानं पुन्हा 501 म्हटलं आणि कार्यक्रम संपला, पुन्हा सुरू करतो, असं कळवून पहिल्या ओळीवर जाऊन बसला. आमच्या मंडळातही असे दोघं आहेत.

आता लूपमधल्या, म्हणजे घरागणिक पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातल्या ओळीवर बी लावून थांबा दिला, सी दाबून तिथवर आलो. किती घरं मोजली हे बघायचं होतं. घरांच्या आकड्याला मी नाव दिलेलं एन. म्हणून एन टाइप केलं. आकडा नाही, चालू ओळ दाखवणारा बाण पुढच्या ओळीवर! पुन्हा एन, बाण आणखी पुढे. ऐन वेळी एननंच दगा दिला. शेवटी पी, मध्ये जागा, मग एन. उत्तर आलं 1.

बाण रिटर्नवर, म्हणजे उत्तर देऊन फंक्शनमधून बाहेर पडायच्या ओळीवर उभा होता. रिटर्न लूपच्या बाहेर हवा, तो चार स्पेस आत सरकून बसलेला. पहिल्या घराची वर्गणी घ्यायची आणि घरी जायचं, असा त्याचा खाक्या. पहिलं घर माझंच. 501.

चार स्पेस खोडल्या. 23,417.

सकाळी पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत अध्यक्षांना समजावलं, "काका, रिटर्न चुकीच्या जागी होता."

काका गंभीर झाले. "भिया, मी दर वर्षी सांगतो, रिटर्न सीएकडूनच भरून घेत जा."