डीआरएमचं कुलूप नेमकं कोणाला अडवतं?

फोनचा पडदा चांगला, नेट वेगवान, सबस्क्रिप्शन सगळ्यात महागडं, तरी चित्रपट ४८० पीमध्ये धूसर दिसतो. मग लोक राउटर बंद-चालू करत बसतात. खरं कारण बऱ्याचदा वाइडवाइनच्या पातळीत असतं.

वाइडवाइन ही गुगलची डीआरएम यंत्रणा, म्हणजे विकलेली फाइल परवानगीशिवाय वाजू किंवा कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप. मूळ कंपनी त्यांनी २०१० मध्ये विकत घेतली. एल१ पातळीत किल्ली उलगडणं आणि व्हिडिओ डीकोड करणं, दोन्ही प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यात होतं. एल३ मध्ये सगळं साध्या सॉफ्टवेअरवर, म्हणून अनेक सेवा अशा फोनला एचडी देतच नाहीत. अँड्रॉइडवर ‘डीआरएम इन्फो’ ॲप टाकून ‘सिक्युरिटी लेव्हल’ची ओळ बघा. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक केला की काही फोन एल१ वरून एल३ वर घसरतात. रॉम, म्हणजे फोनची मूळ सिस्टिम, बदलणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

टीव्हीकडे जाताना एचडीसीपी, म्हणजे एचडीएमआय जोडणीतून जाणाऱ्या चित्राचं कुलूप, आडवं येतं. फोरकेसाठी सहसा २.२ आवृत्ती लागते आणि ती स्ट्रीमिंग बॉक्स, मधला रिसीव्हर किंवा स्प्लिटर, टीव्ही या सगळ्यांकडे असावी लागते. एक जुना रिसीव्हर मध्ये आला की चित्र १०८० पीवर उतरतं, नाहीतर पडदा काळा. महागडी केबल आणून फरक पडत नाही, कारण एचडीसीपी आवृत्ती केबलची नसतेच. बॉक्स थेट टीव्हीला लावून बघा, दोषी लगेच सापडतो.

हा सगळा जाच पैसे भरणाऱ्याला. फुकट्याच्या फाइलला ना एल१ लागतं, ना एचडीसीपी. डीव्हीडीचं ४० बिटांचं सीएसएस हे कुलूप १९९९ मध्ये फुटलं, एएसीएस या ब्लू-रेच्या कुलपाची एक किल्ली २००७ मध्ये जगभर फिरली, एचडीसीपीची मास्टर की २०१० मध्ये बाहेर आली. कुलूप एका ठिकाणी फुटलं तरी पुरतं, कॉपी सगळीकडे पोचते. कंपन्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तरी त्या कुलूप सोडत नाहीत, कारण प्लेअर कोणी बनवायचा हे त्यामुळे त्यांच्या हातात राहतं.

२००४ मध्ये रिअलनेटवर्क्स या कंपनीने ‘हार्मनी’ हे सॉफ्टवेअर काढलं आणि त्यांच्या दुकानातली गाणी आयपॉडवर वाजू लागली. ॲपलने हॅकिंगचा आरोप केला आणि पुढच्या अपडेटमध्ये ती वाट बंद केली. त्यात चोरी कुठे होती? गाणी विकत घेतलेलीच होती. मायक्रोसॉफ्टची तर गंमतच: ‘प्लेजफॉरशुअर’ नावाने इतर कंपन्यांना डीआरएम दिलं आणि २००६ मध्ये स्वतःचा झून हा म्युझिक प्लेअर आणला, त्यावर ती गाणी वाजत नव्हती. नाव मात्र ‘नक्की वाजेल’!

याला कायद्याचाही टेकू आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यातलं १२०१ कलम कुलूप तोडण्यालाच आक्षेप घेतं. पुढे कॉपी केली की नाही हा वेगळा प्रश्न. त्यामुळे परवान्याशिवाय सुसंगत प्लेअर बनवणारा प्रतिस्पर्धी आपोआप गुन्हेगाराच्या रांगेत उभा राहतो.

ब्राउझरमध्येही तेच. २०१७ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ईएमईला, म्हणजे ब्राउझरमध्ये डीआरएम चालवायच्या पद्धतीला, मानक म्हणून मान्यता दिली आणि त्यावरून ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने तिथून राजीनामा दिला. ईएमई फक्त वेबपान आणि सीडीएम यांच्यातली बोलणी ठरवतं. किल्ली उघडणारा सीडीएम हा ब्राउझरमधला भाग बंद पेटीच: गुगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी किंवा ॲपलचं फेअरप्ले. नवा ब्राउझर काढणाऱ्याला यांच्यापैकी कोणाचं तरी दार वाजवावंच लागतं.

या चढाओढीचा खर्चही गमतीशीर आहे. एन्क्रिप्शन एकच, एईएस-१२८, पण जुनी वाइडवाइन-प्लेरेडी उपकरणं ते ‘सेंक’ पद्धतीने मागतात आणि ॲपलला ‘सीबीसीएस’ ही दुसरी पद्धत लागते, जिच्यात व्हिडिओच्या दर १० ब्लॉकमागे १ एन्क्रिप्ट होतो. दोन्हींना पुरायचं तर त्याच चित्रपटाच्या दोन प्रती साठवा आणि सीडीएनवर, म्हणजे ग्राहकांजवळ प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरही, दोन ठेवा. नवी उपकरणं सीबीसीएस घेतात, पण जुने टीव्ही लोक इतक्यात फेकत नाहीत.

संगीतातलं कुलूप रेकॉर्ड कंपन्यांनी स्वतःच काढलं. त्यांच्याच आग्रहाने लावलेल्या डीआरएममुळे ग्राहक ॲपलला बांधला गेला होता. २००७ पासून त्यांनी ॲमेझॉनला मोकळ्या एमपीथ्री द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये आयट्यून्सवरचं कुलूपही गेलं.

पुस्तकांचं तसं झालं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ईबुक दुकान बंद केलं, पैसे परत केले, पण पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने किंडल पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने हलवायची सोय काढली. म्हणून ‘बाय’ दाबण्याआधी बघा: मोकळी ईपब, एमपीथ्री किंवा फ्लॅक फाइल हातात मिळते का? मिळत असेल तर त्याच दिवशी उतरवून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. मिळत नसेल तर भाडं भरतोय असं समजून किंमत ठरवा.