पाचवं नाव

सोलापूरच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करणाऱ्या एका मुलीच्या शोधनिबंधावर अकरा नावं आहेत, तिचं पाचवं. मग तिनं केलं काय? ‘चार वर्षं घालवून पाचवी आली’ असा शेराही कुणी मारला. मला हा शेरा सहन होत नाही.

डाळिंबावरचा तेल्या जिल्ह्यात पोरासोरांना ठाऊक आहे. पण त्याचा जिवाणू वेगळा काढून बघा. पान ताज्या डागाचं हवं, तुकडा डागाच्या कडेचा; मधला काळा भाग मेलेला असतो. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवलं की त्याला घाम सुटतो आणि भलतेच जिवाणू माजतात, म्हणून कागदी पिशवी. मग तो तुकडा एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवायचा आणि निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवायचा. जास्त वेळ ठेवला तर आतला जिवाणूही मरतो, कमी ठेवला तर बाहेरचेच उगवतात. मग तो प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत, लावायचा. २८ अंशांवर जिवाणूंच्या पिवळ्या, चिकट वसाहती दिसायला तीन-चार दिवस लागतात. एका रात्रीत प्लेट भरली तर ते दुसरंच काहीतरी आहे, टाकून द्यायचं. शेवटी तोच जिवाणू निरोगी रोपावर फवारायचा, तसाच डाग उठतो का पाहायचं आणि त्या डागातून पुन्हा तोच काढायचा. पान तोडणाऱ्यानं चूक केली तर पुढच्या सगळ्यांचे महिने गेले.

इथं म्युनिकमध्ये आमच्या प्रयोगशाळेत सोमवारच्या मीटिंगला फसलेली प्लेट आधी दाखवतात. निबंधाच्या शेवटी कल्पना कुणाची, मोजमाप कुणाचं, आकडेमोड कुणाची हे छापतात. हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या निबंधात ३३ पानं होती. त्यातली २४ लेखक आणि त्यांच्या संस्थांची, एकूण नावं ५,१५४. ग्रुपवरच्या हिशेबानं त्यातल्या पाच हजार जणांनी काहीच केलं नाही!

आणि हे सोलापूरकरांनी म्हणावं? जेकार्ड मागावरची चादर कधी एकट्याची असते का? नक्षीची कार्डं पाडणारा वेगळा, ताण्याचा बीम भरणारा वेगळा, कांड्या भरणाऱ्या बायका वेगळ्या. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी आपण आजही खातो. ती निवडणाऱ्यांतलं एक तरी नाव ग्रुपवर कुणाला सांगता येईल?

राग एवढा का येतो, तेही सांगतो. इथल्या निबंधांवर माझं नाव आहे, पण आपल्या मातीतल्या एकाही रोगावर नाही. तिचं आहे. आणि तिला हसणारे माझ्याच बाकावरचे.

ती भेटली तर पाचवी का, हे विचारू नका. प्लेट कितव्या खेपेला जमली, ते विचारा.