इंजिन ओढतंय ना, मग झालं!

आज सकाळी एका मित्राने फोटो टाकला. नवी कोरी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर; उद्या पहाटे निघायचं, दीड महिन्याचा प्रवास. फोटोत गाडीचं बूड खाली बसलंय, हेडलाइट आभाळाकडे बघतायत आणि कॅरव्हॅनच्या पाठीवर चार सायकली. खाली लिहिलंय, "पुढे जड वाटत होतं म्हणून सायकली मागे टांगल्या. बॅलन्स!"

मी एवढंच विचारलं, "वजनकाट्यावर नेलीस का?"

उत्तर आलं, "इंजिन ओढतंय ना, मग झालं! तू फार घाबरट झालायस." त्यावर हसण्याचा पाऊस. त्यात माझ्याबरोबर प्रवास केलेले दोघंतिघं होते, याचा जास्त राग आला.

हो, झालोय घाबरट. का झालो ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी कधी सांगितलेलं नाही, कारण लाज वाटायची.

आमची पहिली मोठी ट्रिप. उतार होता, वेग 95 च्या आसपास. शेजारून एक लांबलचक ट्रक पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने कॅरव्हॅन जराशी हलली, परत आली, मग दुसऱ्या बाजूला अजून जास्त गेली. आरशात कधी तिची डावी भिंत दिसायची, कधी उजवी. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, आपलं घर नाचतंय!" तिला गंमत वाटत होती. आणि मी काय केलं? कचकन ब्रेक दाबला. नाच दुप्पट झाला.

करायचं असतं ते नेमकं उलट. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि हाताने लावायचा कंट्रोलर असेल तर फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक हळूच लावायचे. मला ते माहीत होतं. वाचलं होतं. पण त्या क्षणी पायाने डोक्याला विचारलंच नाही. वाचलो ते निव्वळ चढ लागला म्हणून.

दुसऱ्या दिवशी काट्यावर गेलो. ती पावती अजून आमच्या फ्रिजवर आहे, शाई उडत चाललीय. कॅरव्हॅनच्या पाटीवर एकूण वजनाची मर्यादा 2400 किलो. भरलं 2560. रिकामी कॅरव्हॅन 1900 ची, म्हणजे हातात होते 500 किलो. वाटतात खूप. पण पाण्याच्या टाक्याच 190 लिटरच्या, म्हणजे सरळ 190 किलो तिथेच गेले. भरलेले गॅस सिलिंडर, जादाची बॅटरी, ताडपत्रीचा मांडव, खुर्च्या. कपडे आणि भांडी तर आपण मोजतच नाही, ती "थोडीशीच" असतात.

आणि 160 किलो जास्त हे तर निम्मंच दुखणं. कॅरव्हॅन जोडलेली ठेवून फक्त तिची चाकं काट्यावर घेतली तेव्हा 2440 आले. सोडवून सगळी ठेवली तेव्हा 2560. म्हणजे टो-बॉलवर, गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर कॅरव्हॅनचं तोंड टेकतं त्यावर, फक्त 120 किलो, एकूण वजनाच्या पाच टक्केसुद्धा नाहीत! एवढ्या मोठ्या कॅरव्हॅनला साधारण दहा टक्के हवेत, फार कमी पडले की ती डुलायला लागते, असं जुनेजाणते सांगतात. युरोपातल्या हलक्यांना पाच ते सात चालतात. आमचा जनरेटर आणि हत्यारांची पेटी अगदी मागे होती. का? तर तिथे जागा होती म्हणून.

म्हणून तो "बॅलन्स" शब्द वाचून माझं टाळकं सरकलं. पुढचं जड झालं म्हणून मागे टांगायचं, याला बॅलन्स म्हणत नाहीत रे! दोन्ही टोकांना वजन म्हणजे एकदा डुलायला लागलं की थांबवणं महाकठीण. जड सामान एक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या आसपास, तळाशी. वरच्या कपाटात उशा ठेवा.

बरं, गाडीचं काय? विकणारा माणूस छातीठोक सांगतो, "तीन टन ओढेल." माझ्याही गाडीचं तेच सांगितलं होतं. पण गाडी आणि कॅरव्हॅन मिळून तिची मर्यादा आहे 5300. माणसं, सामान आणि टो-बॉलवरचा भार धरून गाडीच 2900 ची झाली की मागे चाकांवर उरतात 2400. तीन टन गेले कुठे? आणि टो-बॉलवरचा भार मागच्या एक्सलच्याही मागे पडतो, त्यामुळे पुढची चाकं हलकी होतात. पुढची चाकं म्हणजे स्टिअरिंग आणि बरंचसं ब्रेकिंग. हेडलाइट आभाळाकडे गेले याचा अर्थ तो आहे.

हल्ली डोलणं आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येते. येते, मान्य. पण ती डोलायला लागल्यावर जागी होते, वजन कमी करत नाही. आणि काट्यावर जाणं ही कटकट आहे, तेही मान्य.

खरं तर मी स्वतःवरच चिडलोय. लांबच्या प्रवासात एकदा वजन करून भागत नाही हे मला तिसऱ्या ट्रिपला कळलं. अर्ध्या वाटेवर परत काट्यावर गेलो तर 40 किलो वाढलेले. शोधाशोध केली. पलंगाखाली लेकीने गोळा केलेले दगड, प्रत्येक मुक्कामाचे, कागदात गुंडाळून, वर तारीख घालून. सगळे 40 काही तिचे नव्हते, बरेचसे आमचेच होते. पण रडली तीच. शेवटी माझा दुसरा जॅक आणि निम्मी हत्यारं एका ओळखीच्याकडे ठेवली, दगड आले. एक्सलच्या वर, तळाशी.

हे लिहितोय तोवर त्याचाच मेसेज आला. "चिडू नकोस रे. पुढची पाण्याची टाकी रिकामी केली. आता बूड वर आलं बघ, मस्त!"

अरे देवा. पुढची रिकामी आणि सायकली मागेच? थांबा मंडळी, फोन लावतो.