गंजला म्हणून बॉम्ब निकामी होत नाही

समुद्रात पवनचक्क्या उभारण्यापूर्वी तळावरचा जुना दारूगोळा शोधण्यात महिनोन् महिने जातात. त्यावरून एक दावा सगळीकडे फिरतो आहे : महायुद्धातले बॉम्ब एव्हाना गंजून निकामी झाले आहेत, ते आहेत तिथेच पडू द्यावेत, आणि फारच आडवे आले तर जागच्या जागी उडवून मोकळे व्हावे.

पहिला भाग साफ चुकीचा आहे. गंजते ते पोलादी कवच. आतले टीएनटी हे स्फोटक पाण्यात फारच थोडे विरघळते आणि त्याची स्फोटक शक्ती टिकून राहते. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यापासून दूर खेकड्यांचे सापळे ओढणाऱ्या एका बोटीजवळ तळावरचा असाच जुना दारूगोळा फुटला आणि खलाशी जबर जखमी झाले.

‘तिथेच पडू द्या’ हे मात्र अर्धे खरे आहे. पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या केबलचा मार्ग थोडा सरकवून संशयित वस्तू टाळता येत असेल, तर तज्ज्ञही आधी तेच करतात. पण टाळायचे कशाला, हे कळण्यासाठी ती वस्तू आधी सापडावी लागते. मॅग्नेटोमीटर लोखंड हुडकतो, परंतु जर्मन एलएमबी सुरुंगांचे कवच ॲल्युमिनियमचे असल्याने ते त्याला सहज चकवतात, म्हणून ध्वनिलहरींनी वस्तू टिपणाऱ्या सोनारचीही जोड लागते. मग दूरनियंत्रित यान वाळू बाजूला सारून प्रत्येक संशयित जागेवर कॅमेरा नेते, आणि बहुतेक वेळा दिसतो तो नांगर, साखळी किंवा तारेच्या दोराचा गुंता. वेळ जातो तो इथे. हे काम उशिरा हाती घेतले तर काय होते, ते जर्मनीच्या रिफगाट प्रकल्पात दिसले : २०१३ मध्ये पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण केबलच्या मार्गातला दारूगोळा काढेपर्यंत, म्हणजे २०१४ उजाडेपर्यंत, वीज किनाऱ्यावर आली नाही.

‘उडवून मोकळे व्हा’ हा सल्ला तर सर्वांत घातक. ऑगस्ट २०१९ मध्ये बाल्टिकमधील फेमर्न पट्ट्यात ४२ सुरुंग उडवण्यात आले. त्यानंतर तपासलेल्या २४ मृत पॉरपॉइजपैकी (डॉल्फिनसारखा छोटा सागरी सस्तन प्राणी) १० जणांच्या शरीरात स्फोटाच्या इजा आढळल्या. त्यापेक्षा सौम्य उपाय म्हणजे छोट्या स्फोटाने कवच भेदून आतले स्फोटक जाळणे. तोही हमखास नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलंडमधील श्विनोउइश्चे येथे ‘टॉलबॉय’ जातीचा सुमारे साडेपाच टनांचा बॉम्ब जाळायला घेतला आणि तो फुटला. आसपासच्या सुमारे ७५० रहिवाशांना आधीच हलवले होते, म्हणून कोणाला इजा झाली नाही. जाळण्याची पद्धत वापरली तरी आखणी पूर्ण स्फोट होईल असे धरूनच करावी लागते : जहाजे दूर, प्राणी आवाजाने आधी पिटाळलेले आणि भोवती धक्का शोषणारा हवेच्या बुडबुड्यांचा पडदा.