येऊ द्या, येऊ द्या

परवाच्या रविवारी मी खारघरमध्ये एक कुंडी फोडली. सिमेंटची, मध्यम आकाराची. हा गुन्हा मी वॉचमनच्या वहीत, मित्रांच्या ग्रुपवर आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कबूल करून झालेला आहे. माझ्या बंपरची चौकशी मात्र अजून एकाही माणसाने केलेली नाही.

मित्राने नवं घर घेतलं, त्याला आठ महिने झाले. या आठ महिन्यांत आम्ही ‘यायचंय रे एकदा’ हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की शेवटी जाणं भाग पडलं. मानपाड्याहून खारघर 30-35 किलोमीटर. ‘ठाण्याहून थेट पनवेल लोकल आहे, खारघरला उतरू,’ असं ही म्हणाली होती. म्हणाली होती, हे मान्य. पण हातात श्रीखंडाचा डबा, वर ऊन, म्हटलं गाडीने जाऊ, सहल होईल. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांमधून सरपटत निघालो, कळवा ओलांडलं, विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली चक्क पाणी नव्हतं. यालाच मी शुभशकुन समजलो.

नवी मुंबईकरांना आपल्या शहराचा फार अभिमान. सिडको 1970 साली स्थापन झाली, तिने शहर आधी कागदावर आखलं आणि मग जमिनीवर उतरवलं. आमचं ठाणं आधी वसलं, नकाशा मागून धापा टाकत आला. पण इतकं सगळं आखताना प्रत्येक उपनगरात सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून सुरू करायची बुद्धी कुणाला झाली असेल? मित्राने पाठवलं होतं ‘सेक्टर 20’. नेरूळलाही सेक्टर 20 आहे. तिथे आम्ही वीस मिनिटं त्याची बिल्डिंग शोधली. शेवटी एका पानवाल्याने, लहान मुलाला समजवावं तशा आवाजात, ‘साहेब, खारघर पुढे आहे,’ असं सांगितलं. आणि खारघर तरी नवी मुंबईत कुठे आहे? 2016 पासून पनवेल महापालिकेत आहे. पण हे तिथल्या माणसाला सांगून बघा!

असो. सोसायटीत पोचलो. व्हिजिटर पार्किंगमध्ये रहिवाशांच्याच दुसऱ्या गाड्या, कव्हर घालून झोपलेल्या. व्हिजिटरसाठी उरलेली जागा म्हणजे गटाराची जाळी आणि एक कुंडी यांच्यामधली फट. ‘श्रीखंड गरम होईल,’ म्हणून ही डबा घेऊन वर गेली. मी रिव्हर्स टाकला. मागे वॉचमन उभा राहून हात हलवत होता. ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...’ खाड्! ‘बस.’

माझं अख्खं दुःख या ‘बस’मध्ये आहे.

दार उघडून एक पाय बाहेर टाकला, तोच आवाज आला, ‘हलू नका!’

बनियन, गुडघ्याखाली येणारी पँट, कपाळावर चढवलेला चष्मा आणि हातात स्टीलची मोजपट्टी, ती बटण दाबलं की सर्रकन आत जाते ती. ‘पाय आत घ्या,’ काका म्हणाले. का कोण जाणे, मी घेतला.

‘वही आण,’ त्यांनी वॉचमनला सांगितलं. तो व्हिजिटरांची वही घेऊन आला. काका टायरापाशी उकिडवे बसले. ‘लिही. मागचं चाक ते कुंडी, नऊ इंच.’

‘इंच की सेंटीमीटर?’

‘दोन्ही लिही.’

मग माझ्याकडे वळून, ‘वेग किती होता?’

‘अहो, रिव्हर्समध्ये कसला वेग?’

‘लिही, वेग चालकास माहीत नाही.’

‘काका, हाच तर येऊ द्या, येऊ द्या म्हणत होता!’

‘लिही, चालक दुसऱ्यावर ढकलतो.’ आणि हे लिहीत कोण होता? तोच, येऊ द्या म्हणणारा! त्याने मान खाली घालून शांतपणे लिहून घेतलं आणि विचारलं, ‘चालक उद्धट आहे, हे पण टाकू का?’

‘आत्ता नको. शेवटी शेऱ्यात.’

मग काकांनी नंबरप्लेट पाहिली. चष्मा कपाळावरून नाकावर आणून पाहिली. ‘एमएच झिरो फोर. ठाणे. तरीच.’

‘तरीच म्हणजे?’

‘काही नाही. लिही, झिरो फोर.’

एव्हाना पहिल्या मजल्याच्या खिडकीत एक काकू आल्या होत्या. काकांनी रोपाचा तपशील घ्यायला सुरुवात केली. ‘झाड, कढीपत्ता.’ वरून काकू म्हणाल्या, ‘कढीपत्ता नाही हो, गोडलिंब आहे.’ काका म्हणाले, वासावरून कढीपत्ता. काकू म्हणाल्या, आमच्या माहेरी परसात होतं, गोडलिंबच. एक मुलगा सायकल थांबवून एक पान चावून गेला, पण त्याने मत दिलं नाही. घड्याळात बघितलं, सात मिनिटं झाली होती. शेवटी मला राहवलं नाही. ‘अहो, कढीपत्ता आणि गोडलिंब एकच!’

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मग काका अत्यंत थंडपणे म्हणाले, ‘चालकाने झाडाबद्दल बोलू नये.’

काकूंनाही ते पटलं. दिवसभरात त्या दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते एवढंच.

नुकसानभरपाई 400 रुपये ठरली. कुंडी 250, माती 50 आणि झाडाला बसलेला धक्का 100. मी हुज्जत घातली नाही. घालायला हवी होती, हे मला सानपाड्याला परतीच्या सिग्नलवर सुचलं, आणि काय काय बोलायचं होतं ते तुर्भ्यापर्यंत सुचत राहिलं. पैसे वॉचमनकडे जमा केले, वहीत सही केली. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात आधी ‘पाहुणे’ लिहिलेलं होतं. ते खोडून त्याने ‘कुंडी’ केलं होतं.

मित्र खाली आला तो हे सगळं आटोपल्यावर. ‘अरे, तू अजून इथेच? मला वाटलं पार्किंग शोधत अडकलास.’ मी काकांकडे बोट दाखवून विचारलं, ‘हे तुमचे सेक्रेटरी का?’

मित्राने निरखून पाहिलं. ‘हे? यांना पहिल्यांदाच बघतोय.’

चौकशीअंती कळलं ते असं. काका कल्याणचे. लेक चौथ्या मजल्यावर राहते, तिच्या पडद्यांची मापं घ्यायला दोन दिवसांसाठी आलेले. म्हणून हातात मोजपट्टी. कल्याणचे! एमएच झिरो फाइव्ह! म्हणजे तेही व्हिजिटरच! आणि त्या माणसाच्या सांगण्यावरून मी पाय आत घेतला होता.

जेवताना आमटीत कढीपत्ता तरंगत होता. भरपूर. वहिनी म्हणाल्या, ‘ताजा आहे हं, खालीच पडलेला मिळाला.’ सगळे हसले. ही सगळ्यात जास्त हसली. मीही हसलो, पण पानातली पानं बाजूला काढून ठेवली. 400 रुपयांचा कढीपत्ता घशाखाली उतरेना. एकेकाळी हाच मित्र पाचपाखाडीत आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. चप्पल सरकवून त्याच्याकडे जायचो, वही नाही, सही नाही, कुंड्या तर गल्लीभर होत्या. आता त्याच्याकडे जायचं तर आठ महिने तारीख जुळत नाही आणि जुळली की पंचनामा होतो.

बंपरला मागे डावीकडे वीतभर चरा आणि एक क्लिप तुटलेली. गॅरेजवाला म्हणाला पूर्ण रंग मारावा लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात खारघरच्या समस्त सेक्टरांत कुंड्या वाटता आल्या असत्या. मी चिकटपट्टी लावली आहे.

काल मित्राने फोटो पाठवला. माझ्या 400 रुपयांत दोन कुंड्या आल्यात. दोन्ही त्या फटीत, बरोबर मधोमध ठेवल्यात. खाली त्याने लिहिलंय, ‘आता कधी येतोस?’