इंदूरच्या आधीचे कंपेल

इंदूरचा इतिहास सांगायला बसलो की आपण मराठी माणसे थेट राजवाड्यापासून सुरुवात करतो. मल्हारराव, अहिल्याबाई आणि १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर महेश्वरहून इथे आलेली राजधानी, एवढ्यात आपले सगळे आटोपते. या मांडणीत शहराच्या आग्नेयेला असलेल्या कंपेल या गावावर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोगलांच्या काळात कंपेल हे परगण्याचे ठाणे होते आणि इंदूर त्या परगण्यातले एक गाव. कंपेलचे जमीनदार राव नंदलाल चौधरी इंदूरला कान्ह नदीकाठी येऊन वसले, दख्खन ते दिल्ली या वाटेवरचा व्यापार इथे वाढत गेला आणि १७२० मध्ये परगण्याची कचेरीच इंदूरला हलली. पेशव्यांनी होळकरांना माळव्यात मुलूख तोडून दिला तो त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. म्हणजे ज्याला आपण आरंभ म्हणतो, त्याच्या आधीच कंपेलची उतरण सुरू झाली होती.

हे मला इतके लागते, कारण माझे पणजोबा होळकरांच्या महसूल खात्यात कारकून होते आणि त्यांचे बिऱ्हाड कंपेलला होते. तिथे चार-पाच दक्षिणी घरे होती, असे आजी सांगत असे. घरात मराठी, ओसरीवर माळवी आणि दफ्तरात मोडी. पुढे मुले शाळेसाठी इंदूरला आली, गिरण्यांच्या कचेऱ्यांत चिकटली, आणि १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा गावात दोन म्हाताऱ्यांखेरीज आमचे कोणी उरले नव्हते. मागे राहिलेली कागदांची ट्रंक आमच्याच घरच्यांनी रद्दीत घातली, त्यामुळे इतरांना बोल लावायला मला तोंड नाही.

त्यातला एक कागद पोथीत दडून राहिल्यामुळे वाचला. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली बोरूने अक्षरे लिहीत जायची, अशी पद्धत होती. या कागदावर फसली, म्हणजे महसुली हिशेबाचे साल आहे, सात ओळींचा जमाखर्च आहे आणि त्याखाली नुसतीच ओढलेली आठवी रेघ आहे. त्या रेघेखाली काय लिहायचे राहिले, या प्रश्नाने मला गणपतीतल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त छळले आहे.

आपण इंदूरकर मराठी म्हणजे जन्मजात शहरी, अशी आपली समजूत आहे. ती मला पटत नाही. आपल्यातल्या कितीतरी घराण्यांच्या दोन-तीन पिढ्या परगण्यांच्या गावी हिशेब लिहिण्यात गेल्या, पण गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत त्या गावांची नावे कधी छापून येत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात कंपेलला जाऊन आलो. वाड्याची जागा विचारली, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने चटकन हात दाखवला आणि म्हणाला, ‘पंडितजी का बाडा’. बाडा म्हणजे तिकडे गुरे बांधायची जागा. तिथे तीन म्हशी बांधलेल्या होत्या.